किल्ली कुणाकडे राहणार?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या सभेत नुकताच एक वाद झाला आणि तो ज्या रीतीने झाला त्यामुळे मी अस्वस्थ आहे. विषय साधा होता. वाचनालयाच्या दोन लोखंडी कपाटांत सीमालढ्याच्या काळातील पत्रके, बांधीव वृत्तपत्रे, कार्यकारिणीची जुनी इतिवृत्ते आणि आसपासच्या घरांतून दान आलेले मोडी कागदांचे काही रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, आहेत. हे सारे स्कॅन करून क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या एखाद्या कंपनीच्या दूरच्या संगणकांवर, ठेवावे, असा ठराव तरुण सभासदांनी मांडला. ‘आपले दप्तर परक्याच्या यंत्रावर कशाला?’ असे ज्येष्ठांचे म्हणणे, तर ‘क्लाऊडवर टाकले की काळजी मिटली’ असे तरुणांचे. दोन तास हीच दोन वाक्ये वेगवेगळ्या तोंडांतून फिरत राहिली. मध्येच मागच्या बाकावरून एक वृद्ध सभासद म्हणाले, “पोरांनो, सगळं बरोबर आहे तुमचं, खरं किल्ली कुणाकडं राहणार?” सभेतला खरा प्रश्न तेवढा एकच होता आणि त्याचे उत्तर कोणीही दिले नाही.

माझे मत मी आधीच सांगतो. हे दप्तर क्लाऊडवर गेले पाहिजे, आणि उशीर न करता गेले पाहिजे. मात्र सभेतल्या दोन्ही बाजू एकच चूक करत होत्या. क्लाऊड ही एक जागा आहे असे दोघांनीही गृहीत धरले होते. एकाला ती परकी वाटत होती, दुसऱ्याला सुरक्षित. क्लाऊड हा मुळात भाडेकरार आहे. जागेविषयी फार तर विश्वास आहे की नाही एवढे विचारता येते, पण करार म्हटला की अटी विचाराव्या लागतात: भाडे किती, मुदत किती, सामान परत कसे मिळणार, आणि किल्ली कुणाकडे. बेळगाव शहरात, निपाणीत, सौहार्द (सहकारी) सोसायट्यांच्या आणि मराठी शाळांच्या बैठकांतही हाच वाद थोड्याफार फरकाने चालतो, आणि तिथेही अटींपर्यंत कोणी पोहोचत नाही.

हा करार नेमका कशाचा असतो? चार दिवसांच्या मळणीसाठी आपल्याकडे कोणी मळणी यंत्र विकत घेत नाही. तासावर आणतो, काम झाले की पैसे देऊन मोकळे होतो. क्लाऊडमागची कल्पना याहून फार वेगळी नाही. दहावीच्या निकालाचा दिवस आठवावा. वर्षातले जवळजवळ सगळे दिवस निकालाच्या संकेतस्थळाकडे फारसे कोणी फिरकत नाही आणि त्या एका सकाळी लाखो मुले व पालक एकदम तिथे येऊन धडकतात. त्या एका सकाळसाठी प्रचंड यंत्रे विकत घेऊन वर्षभर धूळ खात ठेवायची, की गरजेपुरती वाढवून पुन्हा कमी करता येतील अशी भाड्याने घ्यायची? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ साली क्लाऊडची जी व्याख्या केली, तिच्यातील पाच लक्षणे हेच सांगतात. ग्राहकाला हवे तेव्हा स्वतःच घेता आले पाहिजे, नेटवर्कवरून कुठूनही पोहोचता आले पाहिजे, एकाच यंत्रसमूहातून अनेकांना वाटा मिळाला पाहिजे, गरजेप्रमाणे वाढ-घट झाली पाहिजे आणि वापर मोजून तेवढीच आकारणी झाली पाहिजे. एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरने अनेक आभासी यंत्रांत तुकडे पाडता येऊ लागले, म्हणून हे शक्य झाले. ॲमेझॉनने २००६ साली आधी साठवणुकीची जागा आणि काही महिन्यांनी गणनशक्ती अशी भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हा धंदा उभा राहिला. या ‘ढगा’ला भिंती आहेत, डिझेलचे जनरेटर आहेत, यंत्रे थंड ठेवणारी अवाढव्य व्यवस्था आहे, आणि त्यातल्या काही इमारती आज मुंबई, पुणे आणि हैदराबाद इथे उभ्या आहेत.

आपल्याच जिल्ह्यातला एक दाखला इथे उपयोगी पडेल. घटप्रभेच्या धबधब्यापाशी गोकाकची सूतगिरणी १८८० च्या दशकात उभी राहिली. ती कड्याच्या काठावरच का उभारली? पाण्याची शक्ती तेव्हा लांब नेता येत नव्हती, म्हणून गिरणीलाच शक्तीपाशी जावे लागले. पुढे तारांतून वीज वाहू लागली आणि शक्ती जिथे निर्माण होते तिथेच कारखाना असण्याची गरज संपली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या कोणत्याही धबधब्याशेजारी नाहीत आणि त्यातला एकही मालक स्वतःचे वीजकेंद्र नाही म्हणून कमीपणा मानत नाही. गणनशक्तीही विजेसारखी सार्वजनिक सेवा होईल, हा विचार अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ सालीच मांडला होता. क्लाऊडचे समर्थक या तुलनेवर थांबतात. मला मात्र ती पुरेशी वाटत नाही. विजेचे एक युनिट दुसऱ्या युनिटसारखेच असते, ते कोणाकडूनही आले तरी दिवा लागतो. पत्रकाचे किंवा खातेवहीचे तसे नाही. ते एकमेव असते, त्यात माणसांची नावे असतात, आणि ते गेले तर दुसऱ्या कंपनीकडून तसेच दुसरे आणता येत नाही. म्हणून ज्येष्ठांची भीती अडाणीपणाची आहे असे म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

उलट, त्या भीतीला सभेत जेवढे पुरावे मिळाले त्याहून बळकट पुरावे उपलब्ध आहेत. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे कारण पुढे करून मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अचानक थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. पैसे भरलेले होते, भारतीय कायदा मोडलेला नव्हता, तरीही दुसऱ्या खंडातल्या निर्णयाने भारतातल्या कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद पडले. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानुसार तिथल्या कंपनीकडे असलेली माहिती, ती जगात कुठेही साठवलेली असली तरी, तिथल्या तपास यंत्रणा कायदेशीर आदेशाने मागू शकतात. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग इथे एका मोठ्या क्लाऊड कंपनीची इमारत जळाली आणि ज्यांनी बॅकअपची वेगळी व्यवस्था केली नव्हती अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. शिवाय भाडे कधीच संपत नाही. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने एखाद्या वर्षी ते भरले नाही तर काय, हा प्रश्न कोणीही हसण्यावारी नेऊ नये.

सीमाभागात तर याच्या जोडीला एक जुनी जखम आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला आणि त्यानंतर इथल्या मराठी माणसाने स्वतःच्या जमिनीचा उतारा दुसऱ्या लिपीत वाचला आहे, किंवा कोणाकडून तरी वाचून घेतला आहे. आपला कागद आपल्या हातात असावा, ही त्याची ओढ त्या अनुभवातून आली आहे. इतिहासाकडे पाहिले तर पेशवे दप्तराचे उदाहरण याच बाजूचे आहे. १८१८ नंतर ते इंग्रज सरकारच्या ताब्यात गेले. सरकारी कोठारात ते टिकले हे खरे. पण ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास त्यात होता, त्या मराठी अभ्यासकांना त्याचे दार शंभर वर्षे जवळपास बंदच होते. गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली त्यातील निवडक कागद छापून बाहेर यायला १९३० चे दशक उजाडावे लागले. कागद टिकणे आणि कागद आपल्याला मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

मग तरीही मी ठरावाच्या बाजूने का आहे? कारण विरोध करणारे क्लाऊडमधला धोका नीट मोजतात आणि कपाटातला मोजतच नाहीत. पेशवे दप्तराच्याच काळात मराठी मुलखातल्या घराघरांत हजारो रुमाल ‘आपल्या हातात’ होते. वि. का. राजवाडे ते शोधत गावोगाव हिंडले, तेव्हा त्यांना अनेक ठिकाणी वाळवीने पोखरलेली, भिजलेली, रद्दीत गेलेली दप्तरे पाहावी लागली. सरकारच्या ताब्यातले बंद राहिले आणि घरातले नष्ट झाले. पुढच्या पिढीच्या हाती निश्चितपणे काय लागले? राजवाड्यांनी नकलून छापले ते. ज्याच्या अनेक प्रती झाल्या आणि त्या अनेक गावांत गेल्या, ते उरले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर वेदगंगेकाठच्या एका गावात मी गेलो होतो. तिथल्या एका सहकारी संस्थेच्या कार्यालयात छातीइतके पाणी शिरले होते. उघडीप मिळाल्यावर लोकांनी नोंदवह्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या आणि पाने उडू नयेत म्हणून त्यांवर खडे ठेवले होते. पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. बॉलपेनने लिहिलेल्या ओळी वाचता येत होत्या. फाउंटन पेनच्या निळ्या शाईचे मात्र नुसते ढग उरले होते. संस्थेचे सचिव एक वही उचलून पानाच्या कडेने नखाने हळूहळू सोडवत होते आणि प्रत्येक वेळी पान मध्यावर फाटत होते. कपाट त्यांचे होते, कुलूप त्यांचे होते, किल्लीही त्यांच्याच खिशात होती.

‘निदान स्वतःच्या संगणकावर ठेवू’ म्हणणाऱ्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावे. सप्टेंबर २०२५ मध्ये डेजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली जिथे साठवल्या जात होत्या, ती ८५८ टेराबाइटची संपूर्ण साठवण जळाली. बाहेर दुसरी प्रत नव्हती. ते केंद्र कोण्या परदेशी कंपनीचे नव्हते. एका तंत्रकुशल देशाच्या सरकारचे, त्याच्याच भूमीवरचे होते. स्ट्रासबुर्गला भाड्याचे जळाले आणि डेजॉनला स्वतःचे. दोन्हीकडे ज्यांचे कायमचे गेले, त्यांच्याजवळ दुसरीकडे प्रत नव्हती. असे असताना मालकी कोणाची, एवढ्याच प्रश्नावर दोन तास घालवून काय साधले?

पैशांच्या बाबतीत आपला समाज या वळणावरून एकदा गेलेला आहे. घरातली पेटी सोडून पैसा बँकेत ठेवायला लोक बिचकत होते आणि त्यांची भीती निराधार नव्हती; १९६० साली पलाई सेंट्रल बँक कोसळली तेव्हा हजारो ठेवीदार पोळले. त्यावर उपाय म्हणून देशाने पैसा परत पेटीत नेला नाही. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला. सुरुवातीला प्रत्येक ठेवीदारामागे १,५०० रुपये, आणि २०२० पासून ५ लाख. माहितीच्या बाबतीत असा विमा देणारे महामंडळ अजून नाही. म्हणून आपली दुसरी आणि तिसरी प्रत हाच आपला विमा. या क्षेत्रात काम करणारे तीन-दोन-एक असा एक नियम सांगतात: तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. खानापुरातल्या वाचनालयाला ही दुसऱ्या ठिकाणची प्रत क्लाऊडइतकी स्वस्तात अन्य कुठे मिळणार आहे?

आता ठरावाच्या समर्थकांकडे वळतो, कारण माझी जास्त काळजी त्यांच्याविषयी आहे. ‘टाकले की काळजी मिटली’ हे वाक्य मला विरोधापेक्षा घातक वाटते. मी ज्या एका छोट्या संस्थेत काम केले तिथे आम्ही पाच वर्षांपूर्वी सगळी छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे एका मोफत खात्यात ठेवली. खाते एका उत्साही कार्यकर्त्याच्या मोबाइल क्रमांकावर उघडले होते. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याने तिथे नवा क्रमांक घेतला, जुना बंद झाला. पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता आणि तो बदलण्यासाठी येणारा ओटीपी त्या बंद क्रमांकावर जात होता. आमच्या गावातल्या वृद्ध सत्याग्रहींचे आवाज त्या खात्यात सुखरूप आहेत की नाहीत, हेही आज आम्हाला पाहता येत नाही. यात कंपनीचा काही दोष नाही. आम्ही संस्थेची किल्ली एका माणसाच्या खिशात ठेवली आणि त्याची नोंद इतिवृत्तात केली नाही, हा दोष आमचा, आणि त्यात माझाही वाटा आहे. ‘मोफत’ या शब्दावर विसंबणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावे. गूगलने छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली, आणि दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण २०२३ च्या अखेरीस अमलात आणले. वर्षातून एकदाच जागी होणारी आपली एखादी समिती या दोन वर्षांत सहज अडकू शकते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सेवा देणाऱ्या कंपन्या आपल्या फायलीच्या अनेक प्रती ठेवतात हे खरे आहे. पण त्या यंत्र बिघडले तर उपयोगी पडतात. आपणच चुकून फाइल पुसली, तर ते पुसणेही सगळ्या प्रतींपर्यंत पोहोचते. जुन्या आवृत्त्या राखून ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण अनेक ठिकाणी ती ग्राहकाने मागून चालू करून घ्यायची असते. विचारले नाही म्हणून ती घेतलेली नाही, असे पुष्कळ ठिकाणी दिसते.

आणि लिपीचे काय? हा मुद्दा सभेत कोणाच्याच मनात आला नाही, पण मराठी वाचकाला तो तत्काळ कळेल. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर तीच अक्षरे दिसावीत यासाठीची प्रमाण पद्धत, रुळण्याआधीची वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची अहवालाची किंवा स्मरणिकेची फाइल आज उघडून पाहा. ती ज्या फॉन्टमध्ये टाइप केली होती तो संगणकावर नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन खच पडतो. फाइलचा एकही अंश हरवलेला नसतो आणि एकही शब्द वाचता येत नसतो. मोडीचे जे झाले तेच हे आहे. कागद आहे, शाई आहे, वाचणारा नाही. म्हणून साठवताना स्कॅनच्या चित्राबरोबर युनिकोडमधला मजकूर हवा आणि कोणता कागद कुठून आला याची सूची हवी. तसे केले नाही, तर आपल्या नातवंडांना क्लाऊडमध्ये फक्त न सोडवलेले रुमाल मिळतील.

गोपनीयतेचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, पण तो सगळ्याच कागदांना लागू होत नाही. सीमालढ्याचे पत्रक लिहिणाऱ्याने ते चौकात वाटण्यासाठीच लिहिले होते. ते एखाद्या परक्या कंपनीने वाचले तर बिघडले कुठे? बेळगावात १९४६ साली साहित्य संमेलन भरले, त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या काळातला एखादा कागद कोणाच्या माळ्यावर असेल, तर तो जितक्यांनी वाचावा तितके चांगले. सोसायटीची किर्द, कर्जदारांची नावे, शाळेतल्या मुलांच्या नोंदी यांची गोष्ट पूर्ण निराळी आहे. असल्या फायली पाठवण्याआधी आपल्याच संगणकावर कूटबद्ध कराव्यात, म्हणजे सांकेतिक कळीशिवाय वाचता येणार नाहीत अशा कराव्यात, आणि ती कळ आपल्याकडेच ठेवावी, म्हणजे साठवणाऱ्याला आत काय आहे ते दिसतही नाही. साठवण भारतातच करावी, असे निवडता येते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आता आहे, आणि तो माहिती सांभाळायला दिली म्हणून मूळ संस्थेला जबाबदारीतून मोकळी करत नाही. सोसायट्यांच्या संचालकांनी हे नीट समजून घेतले पाहिजे.

साठवणूक हा क्लाऊडचा सर्वांत साधा उपयोग झाला. हजारो पानांच्या स्कॅनमधून छापील मराठी मजकूर ओळखून काढायला मोठी गणनशक्ती लागते. ती वाचनालयाने विकत घेण्याची गरज नाही, काही तासांसाठी भाड्याने घेता येते. हिशेबाचे तयार सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यावर मिळते, त्यामुळे संगणक बिघडला तरी सोसायटीचा व्यवहार अडत नाही. मला मात्र सर्वांत मोलाचे वाटते ते अंतर मिटणे. मोडी वाचणारी माणसे थोडी आहेत आणि ती खानापुरात असतीलच असे नाही. तीच पाने पुण्यातला अभ्यासक, मुंबईत निवृत्त झालेला एखादा जाणकार आणि बेळगावातली इतिहासाची विद्यार्थिनी एकाच वेळी समोर ठेवून वाचू शकतात, एकाने लावलेले अक्षर दुसरा दुरुस्त करू शकतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इथे कोणती भाषा कोणत्या काळात कशी नांदत होती, हे सांगणारे साधे कागद, म्हणजे लग्नपत्रिका, शाळेची हजेरीपत्रके, दुकानाच्या वह्या, आजही विखुरलेल्या कपाटांत आहेत. ज्या समाजाचे म्हणणेच कागदांवर उभे आहे, त्याने त्यांची एकच प्रत एकाच खोलीत ठेवून कसे चालेल?

त्या वृद्ध सभासदांना मी आता उत्तर देतो. मामा, किल्ली वाचनालयाकडे राहील, कोणा एकाकडे नाही. खाते संस्थेच्या नावाने, संस्थेच्या मोबाइल क्रमांकावर उघडायचे. अध्यक्ष, सचिव आणि ग्रंथपाल अशा तिघांना प्रवेश असेल आणि पदाधिकारी बदलले की त्याच सभेत प्रवेशही बदलल्याची नोंद इतिवृत्तात होईल. एक प्रत क्लाऊडवर, दुसरी कपाटातल्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी बेळगावातल्या एखाद्या भगिनी संस्थेकडे. भाड्याची तरतूद वीजबिलाशेजारच्या ओळीत अंदाजपत्रकात करायची, आणि वार्षिक सभेच्या आधी दरवर्षी कोणतीही दहा पाने परत उतरवून, सर्वांसमोर उघडून वाचून दाखवायची. कंपनी बदलावी लागली तर किती दिवसांत आणि किती खर्चात सगळे परत मिळेल, हे आजच लेखी मागून घ्यायचे. मूळ कागद कुठेही जाणार नाहीत. ते कपाटातच राहतील.

पुढची सभा मेअखेरीस आहे. खानापुरात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो आणि त्या दोन कपाटांतले एक पश्चिमेच्या भिंतीला टेकून आहे. परवा मी त्यातला खालच्या कप्प्यातला रुमाल सोडून पाहिला, तेव्हा कडेच्या कागदांचा भुगा हाताला लागला. स्कॅनिंग त्या कप्प्यापासून सुरू करावे, अशी उपसूचना मी देणार आहे.